पाचशे ग्रॅमचं सुखोई

२००२ साली पुण्याच्या लोहगाव तळावर प्रथम दाखल झालेलं आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जोडणी होऊ लागलेलं सुखोई-३० एमकेआय नाशिक-पुण्याकडच्या कितीतरी मुलांनी मान वर करून पाहिलं आहे. त्याचा पंखविस्तार १४.७ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर आणि इंधन-शस्त्रांसह वजन २५ टनांच्या आसपास. हे विमान सर्व बाजूंनी वीसपट लहान करायचं ठरवलं, तर पंखविस्तार साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर होतो. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटतं, म्हणजे आठ हजारपट. उत्तर येतं ३ किलोंहून थोडं जास्त. या वजनाचं मॉडेल हवेत टिकवायला ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेग लागेल आणि त्याच्या खाली ते कोसळेल. तेच मॉडेल अर्ध्या किलोत बसवलं, तर हा किमान वेग ताशी २६ किलोमीटरवर येतो. जोरात सायकल मारणारा पोरगा त्याच्या बरोबरीने जाऊ शकतो.

हिशेब इथेच संपत नाही. वजन वाढलं की उतरण्याचा वेग वाढतो आणि आदळण्याची ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात वाढते. पंख तेच ठेवून वजन दुप्पट केलं, तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते. ३ किलोंचं सुखोई आणि अर्ध्या किलोचं सुखोई यांच्यात हा फरक जवळपास चाळीसपटींचा पडतो. एक जमिनीला लागलं की त्याचे तुकडे वेचावे लागतात. दुसऱ्याचं नाक चेपतं, ते चिकटवायचं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उडवायचं. या छंदात माणूस टिकतो की सोडून जातो, हे बहुतेक वेळा एवढ्यावरच ठरतं.

फोमच्या शीटमधून रेडिओ-नियंत्रित जेट कसं बनवायचं हा या पुस्तकाचा विषय. माझ्या मते त्याचा खरा विषय तो अर्धा किलो आहे. फोम स्वस्त मिळतो, कापायला सोपा जातो, हे खरंच. पण बाल्सा लाकूड परवडत नाही म्हणून पत्करलेली तडजोड अशी त्याची जी ओळख आपल्याकडे करून दिली जाते ती मला मान्य नाही. जेटचा आकार, गल्लीतलं मैदान आणि शिकाऊ हात या तिन्ही गोष्टी एकत्र आणणं फोमआधी कुठल्याच सामग्रीला जमलं नव्हतं.

मागे वळून पाहिलं तर छोट्या विमानांचा इतिहास मोठ्या विमानांच्या आधी सुरू होतो. १८७१च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं आपलं ‘प्लॅनोफोर’ उडवून दाखवलं. अकरा सेकंद, चाळीस मीटर. शेपटीच्या योग्य कोनाने विमान आपोआप स्थिर राहतं, हे त्या खेळण्याने सिद्ध केलं. पेनोच्याच रबरी हेलिकॉप्टरच्या धर्तीवरचं एक खेळणं पुढे राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलं आणि त्या दोन मुलांच्या डोक्यात उडण्याचं वेड शिरलं. रेडिओची गाठ पडायला १९३७ साल उजाडलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे मॉडेल रेडिओच्या आज्ञेवर उडवलं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

जेटची हौस दुसऱ्या महायुद्धानंतरची. आकाशात मिग आणि सेबर दिसू लागल्यावर मॉडेल करणाऱ्यांना पुढे पंखा लावलेलं विमान जुनाट वाटू लागलं. पण छोट्या आकारात जेटचा जोर आणायचा कुठून? १९४८ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या विल्मट मॅन्सूर या कंपनीने ‘जेटेक्स’ नावाचं, घन इंधनाच्या वडीवर चालणारं चिमुकलं इंजिन बाजारात आणलं. ते काही सेकंद फुसफुसत जळे, आणि बाल्साचं नाजूक विमान तेवढ्यात जाईल तेवढं जाई. कानठळ्या बसवणारी पल्सजेट आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत बायरन आणि बॉब व्हायोलेट यांच्यासारख्यांनी इंधनाच्या इंजिनावर फिरणारा बंदिस्त पंखा फायबरग्लासच्या देखण्या जेटमध्ये बसवला. जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती कार्यशाळेत खरंखुरं गॅस टर्बाइन घडवलं, आणि त्याचं हवा दाबणारं चाक चक्क प्लायवूडचं, वर कार्बन तंतू गुंडाळलेलं होतं. या सगळ्या कर्तबगारीबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र ही वाट पैसेवाल्यांची, अनुभवी हातांची आणि लांबलचक धावपट्टीची होती. शाळकरी पोराला तिथे प्रवेश नव्हता.

तो दरवाजा विजेने उघडला, आणि तोही फार सावकाश. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांचं ‘रेडिओ क्वीन’ विजेच्या मोटरवर उडालं. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी त्याच सुमारास विजेच्या उड्डाणाचा ध्यास घेतला आणि १९७३ साली माणूस बसवलेलं विमानही विजेवर उडवून दाखवलं. तरी पुढची कित्येक वर्षं विजेवरचं मॉडेल म्हणजे जेमतेम तरंगणारं ग्लायडर, कारण निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या जड आणि ब्रशच्या मोटरी अर्धी वीज उष्णतेत घालवणाऱ्या. लिथियम पॉलिमर बॅटरी, ब्रशलेस मोटर आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ या तीन गोष्टी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाठोपाठ हाताशी आल्या आणि चित्र पालटलं. तीन सेलची १३०० मिलिअँपिअर-अवरची लायपो साधारण ११० ग्रॅम भरते. तेवढीच ऊर्जा जुन्या बॅटरीत साठवायची तर वजन तिप्पट झालं असतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या विमानातला मोठा वाटा बॅटरीनेच खाल्ला असता. नवा रिसीव्हर काही ग्रॅमचा, त्याला लांब लोंबती अँटेना नाही, आणि शेजारच्याने त्याच फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समीटर चालू केला म्हणून आपलं विमान कोसळण्याची भीती नाही.

याच काळात युरोपातल्या घरांमध्ये भिंतीच्या कागदाखाली ऊब राखण्यासाठी लावायची ‘डेप्रॉन’ची गुळगुळीत शीट मॉडेल करणाऱ्यांच्या नजरेस पडली. तिची घनता पाण्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. सहा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातून सुखोई, मिग-२९, एफ-२२ यांचे सपाट आकार कापले गेले, मधे एक खाच ठेवून तिच्यात सहा इंची प्रोपेलर बसवला गेला, आणि ‘पार्क जेट’ हा प्रकार जन्माला आला. अमेरिकेत स्टीव्ह शुमेट यांच्यासारख्यांनी आपले आराखडे मोफत खुले केले. पुढे ‘फ्लाइट टेस्ट’ या गटाच्या मंडळींनी दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेल्या साध्या फोमबोर्डवर एक अख्खी बांधणीपद्धत उभी केली. माहिती दडवून न ठेवण्याची ही रीत नसती तर आपल्यापर्यंत ही विद्या इतक्या लवकर आली नसती.

आज या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला चार घराणी दिसतील. पहिलं वर सांगितलेलं शीटचं घराणं: सपाट पंख, चौकोनी पेटीसारखं धड, खाचेतला प्रोपेलर. दुसरं ईडीएफचं. यात ६४ किंवा ७० मिलिमीटरचा बंदिस्त पंखा धडाच्या आत लपतो, पुढून हवा घेतो, मागून फेकतो. दिसायला आणि ऐकायला जेट. तिसरं ठोकळ्याचं: थर्माकोल गरम तारेने कापायचा, तासायचा, वर पातळ फायबरग्लास किंवा कागद चढवायचा. चौथं कारखान्यातल्या साच्यातून आलेल्या ईपीओ या चिवट फोमच्या मॉडेल्सचं, जी खोक्यातून काढून चार स्क्रू लावले की उडतात. हलक्या, फुगणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये त्रिमिती छपाई करणारे हल्ली पाचवं घराणं मांडू पाहताहेत.

पहिल्या आणि दुसऱ्या घराण्यांतला वाद जुना आहे आणि माझं मत त्यात ठाम आहे. पहिलं जेट शीटचंच असावं. कारण सौंदर्याचं नाही, भौतिकशास्त्राचं आहे. ठरावीक जोर मिळवायला पुष्कळ हवा हळू ढकलणं स्वस्त पडतं आणि थोडी हवा वेगाने फेकणं महाग. सहा इंची प्रोपेलर जेवढ्या वर्तुळातून हवा ढकलतो, त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढीच जागा ६४ मिलिमीटरच्या पंख्याला मिळते. बंदिस्त नळीचा थोडा फायदा धरला तरी स्थिर अवस्थेत तेवढ्याच जोरासाठी जवळपास दुप्पट वीज जाते. दुप्पट वीज म्हणजे मोठी बॅटरी, जाड तारा, मोठा ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक), आणि वजनाची शिडी एकेक पायरी वर. ईडीएफ आत्मसात करावं. हवा आत घेणाऱ्या त्याच्या तोंडाचा गोल ओठ, मागच्या नळीचं हळूहळू अरुंद होणं, यांत फार मोठा आनंद आहे. पण ते दुसरं किंवा तिसरं विमान म्हणून. आणि ज्याने आजवर काहीच उडवलेलं नाही, त्याने जेटच्याही आधी वर पंख असलेलं साधं ट्रेनर हातात घ्यावं.

आता सपाट शीट उडतेच कशी, हा प्रश्न प्रत्येक जिज्ञासू विचारतो. खऱ्या पंखाला नीट घडवलेली वक्र जाडी असते; इथे सहा मिलिमीटरची फळी. उत्तर आकारात आणि वेगात दडलेलं आहे. पाव मीटर रुंदीच्या पंखावरून सेकंदाला बारा मीटर वेगाने हवा वाहते तेव्हा तिचा रेनॉल्ड्स अंक दोन लाखांच्या घरात असतो. खऱ्या लढाऊ विमानाचा कोट्यवधींत. लहान अंकांच्या या जगात हवा चिकट वागते, आणि मोठ्या विमानासाठी तयार केलेले पंखछेद तिथे आपली कमाल दाखवू शकत नाहीत. शिवाय त्रिकोणी, मागे वळलेल्या पंखाच्या धारेवर मोठ्या कोनात भोवरे तयार होतात आणि तेच विमानाला उचलून धरतात. म्हणून नाक वर करून सावकाश सरकणारं फोमचं सुखोई नवख्याला जादू वाटतं.

याच संदर्भात क्लाइन-फोगलमन पंखाची गोष्ट वाचकाला पुस्तकात भेटेल. रिचर्ड क्लाइन यांनी कागदी विमानाच्या पंखाला एक पायरी दिली आणि फ्लॉइड फोगलमन यांच्यासह १९७२ साली तिचं पेटंट मिळवलं. मोठ्या विमानांसाठी पवनबोगद्यातल्या चाचण्यांनी निराशा केली. उचलीच्या मानाने रोध जास्त निघाला. पण फोमवाल्यांना ती पायरी लाख मोलाची ठरली. पंखावर पुढच्या अर्ध्या भागात शीटचा दुसरा थर चिकटवला की पायरी आपसूक तयार होते, पंख ताठ होतो, कार्बनची दांडी दोन थरांमध्ये झाकली जाते, आणि मंद वेगात पंख लवकर दगा देत नाही.

कामाची खरी गोडी मात्र टेबलावर आहे. पाठीचा गोलाकार तीन मिलिमीटरच्या शीटमधून वळवायचा असेल, तर आधी बाहेरच्या बाजूला चिकटपट्टी लावायची, हेअर ड्रायरने शीट कोमट करायची आणि टेबलाच्या कडेवरून ती तळहाताने हळूहळू ओढायची. घाई केली की कडकन चीर पडते. एलेव्हॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या भागाची, कडा पंचेचाळीस अंशांत तासायची, म्हणजे टेपच्या बिजागरीवर तो खालीही मोकळा हलतो. डिंकाची निवड तर जपूनच करावी लागते. फेव्हिक्विक थर्माकोल आणि डेप्रॉन दोन्ही खातं. पेट्रोल, थिनर, साधे स्प्रे पेंटही खातात. फेव्हिकॉल खात नाही, पण दोन मोठ्या शीटच्या मधे त्याचा थर दिला तर आतलं पाणी निघायला वाट नसते आणि तो दिवसेंदिवस ओला राहतो. ग्लू गन सोयीची, पण प्रत्येक सांध्यावर एकेक फराटा ओढता ओढता वीस ग्रॅम कधी वाढले ते कळत नाही. वीस ग्रॅम म्हणजे एलेव्हॉन हलवणाऱ्या दोन सर्वो मोटरींचं वजन. म्हणून स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हे माझ्या लेखी या छंदातलं पहिलं हत्यार आहे, कटरच्याही आधी.

डेप्रॉन आपल्याकडे सहज मिळत नाही. भारतातले मॉडेलवाले ‘बायोफोम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शीटवर, प्रचाराच्या फलकांसाठी वापरल्या जाणाऱ्या नालीदार सनपॅकवर आणि पॅकिंगच्या थर्माकोलवर काम करतात. सनपॅक चिवट आहे, पण जड. ट्रेनरला चालेल, जेटला नाही. थर्माकोलबाबत मात्र महाराष्ट्राजवळ एक मोठी शिदोरी आहे, जिच्याकडे कुणी या दृष्टीने पाहिलं नाही. गणपतीच्या मखरांसाठी निक्रोमची तापलेली तार लाकडी चौकटीत ताणून, तिचा वेग हाताने सांभाळत महिरपी आणि खांब कापणारे कारागीर आपल्याकडे गल्लोगल्ली होते. पंखाचा छेद कापायला नेमकं हेच कसब लागतं: दोन टोकांना दोन साचे, आणि तार दोन्हींवरून एकाच लयीत. मार्च २०१८मध्ये राज्याने थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि सजावटीवर बंदी आणली. ती योग्यच होती, कारण मखर दहा दिवसांचं आणि त्याचा कचरा शेकडो वर्षांचा. फोमचं विमान करणाऱ्यानेही हा विचार टाळू नये. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल आधी वापरावा, तुटलेलं विमान फेकण्याआधी चिकटवावं, आणि शेवटी उरलेले तुकडे मैदानात सोडून येऊ नयेत. हातातलं कसब मात्र बंदीबरोबर विसरलं जाऊ नये, असं मला फार वाटतं.

हे पुस्तक आत्ताच का यावं, याचं उत्तर ड्रोनमध्ये आहे. ड्रोनने आकाश सर्वांना खुलं केलं, आणि ते उडवण्यातलं ज्ञान चिपमध्ये बंद केलं. काठी सोडली तरी तो जागेवर उभा राहतो. तोल सांभाळणाऱ्या जायरोशिवायचं फोमचं जेट असं काही करत नाही. गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर मागे सरकला तर ते नाक उचलतं आणि आवरत नाही. तो का सरकला हे उडवणाऱ्याला स्वतः शोधावं लागतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या एरोमॉडेलिंग स्पर्धांना जातात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेलिंग शिकवलं जातं, तरीही इयत्ता आठवी-नववीच्या मराठी वाचकाला स्थिरता, उचल, पंखभार या गोष्टी हातात धरून दाखवणारं पुस्तक विरळा. मराठीतून विज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी इंग्रजी चित्रफिती पाहून विमान जोडू शकेल. ते का पडलं याचा विचार मात्र आपल्या भाषेत करता आला पाहिजे.

कायद्याचंही भान हवं. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी २५ किलोंपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल्सचा वेगळा वर्ग मानला आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून वगळलं. याचा अर्थ कुठेही उडवावं असा नाही. डिजिटल स्कायच्या नकाशात लाल, पिवळी आणि हिरवी क्षेत्रं आखलेली आहेत. विमानतळ आणि लष्करी तळांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या आणि मुंबईच्या बऱ्याच भागांत, परवानगीशिवाय उड्डाण चालत नाही, आणि मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. नियम बदलत राहतात, तेव्हा मैदानात जाण्याआधी नकाशा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

लेखकाने या पुस्तकात एकच विमान केंद्रस्थानी ठेवलं आहे आणि त्याच्याभोवती सगळं शास्त्र गुंफलं आहे. हा निर्णय मला फार आवडला. वीस विमानांचे आराखडे देऊन वाचकाला मोकळं सोडता आलं असतं. त्याऐवजी प्रत्येक भागाशेजारी त्याचं अपेक्षित वजन दिलं आहे आणि ते का तेवढंच हवं याचा हिशेबही. गणिताला लेखक घाबरत नाही, पण नववीच्या बीजगणितापलीकडे जातही नाही. ईडीएफचा विचार शेवटच्या भागात आहे, त्याची वेळ येते तेव्हाच. साच्यातल्या तयार मॉडेल्सबद्दल मात्र तो फारच थोडक्यात बोलतो. तयार मॉडेल दुरुस्त करताना पुष्कळ शिकता येतं, त्यामुळे तो भाग आणखी वाढवता आला असता असं मला वाटतं.

दोन इशारे लेखकाने ठळक दिले आहेत आणि मी ते इथेही देतो. प्रोपेलर मागच्या खाचेत असल्यामुळे फेकणाऱ्याचा हात सुटताना त्याच्या वाटेत येऊ शकतो. विमान नेहमी खाचेच्या बरंच पुढे, पोटाखाली धरावं आणि हात खाली व बाजूला काढावा. बॅटरी जोडण्याआधी ट्रान्समीटर चालू आणि थ्रॉटल शून्यावर. दुसरा इशारा बॅटरीचा: लायपो दर सेलला ४.२ व्होल्टपलीकडे भरू नये, फुगलेली वापरू नये, आणि चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नये. लहान वाचकांनी विमान फेकणं आणि बॅटरी भरणं ही दोन्ही कामं मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावीत.

पुस्तकाच्या शेवटी पूर्ण आकाराचे नमुने जोडले आहेत. ते छापून घेतल्यावर शीटवर ठेवण्याआधी कोपऱ्यातली दहा सेंटिमीटरची रेघ पट्टीने मोजावी. ती साडेनऊ भरली, तर प्रिंटरने कागदात बसवण्यासाठी सगळंच आक्रसलं आहे असं समजावं आणि नमुने पुन्हा छापावेत; पंख पाच टक्क्यांनी लहान झाले की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी घटतं, आणि वजन मात्र बॅटरी-मोटरीमुळे जवळपास तेवढंच राहतं.